अन्नशास्त्र खळ्यावर कधी येणार?



बाजार समितीच्या आवारात ज्वारीचे पोते फुटते तेव्हा काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खरेदीदाराचा माणूस पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली धरून कट्‌कन फोडतो आणि तोंड वाकडे करतो. "काळपट आहे. ओल आहे." एवढ्यावर चार महिन्यांच्या राबणुकीचा भाव ठरतो. आपण समोर उभे असतो. दाणा आपण पेरला, राखला, कापला, मळला. पण त्या दाण्यात ओल नेमकी किती, तो काळा का पडला, आतून खराब झाला की नुसता वरून डागला, याचे उत्तर आपल्याजवळ नसते. मग आपण म्हणतो, "जरा बघा की शेठ." हातात उत्तर नसले की माणूस विनवणीवर येतो.

या देशात दाण्याचे उत्तर जाणणारी माणसे आहेत आणि त्यांची संघटनाही आहे. १९५० साली म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली. त्याच म्हैसुरात १९५७ साली अन्नशास्त्रज्ञ आणि अन्नतंत्रज्ञांची देशव्यापी संघटना उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला 'एएफएसटीआय' म्हणतात. १९६४ पासून तिचे शोधनियतकालिक निघते. उद्योगधंद्यासाठी वेगळे नियतकालिक आहे. शहरोशहरी शाखा आहेत, अधिवेशने भरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये जगभरच्या अन्नशास्त्रज्ञांची परिषद नवी मुंबईत भरली, तिचे यजमानपद याच संघटनेकडे होते. तेव्हा ही काही चार जणांची मंडळी नव्हे.

विद्वानांच्या अशा संघटनेची कामे दोन. एक, आपसात चर्चा करणे. दुसरे, आपल्याजवळचे ज्ञान बाहेरच्या माणसापर्यंत नेणे. या दुसऱ्या कामाला प्रसारकार्य म्हणतात. व्याख्याने, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा, कारखानदारांसाठी चर्चासत्रे, जागतिक अन्नदिनाचे कार्यक्रम, ग्राहकाला भेसळ ओळखायला शिकवणे, अशी ही कामे असतात. आम्ही त्यांना नावे ठेवायला बसलेलो नाही. शहरातल्या पोराला डब्यावरचे लेबल वाचता आले तर चांगलेच आहे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. आम्हाला दिसतो तो प्रसारकार्याचा रस्ता कारखान्याच्या फाटकापासून सुरू होतो आणि गिऱ्हाइकाच्या ताटाशी संपतो. फाटकाच्या अलीकडे शेत आहे, खळे आहे, कणगी आहे, बाजार समिती आहे. कोरडवाहूची वाट धरून तो रस्ता क्वचितच इकडे वळतो. आणि अन्न टिकते की नासते, ते तर इथेच ठरते. खळ्यावर बिघडलेला दाणा कोणत्याही कारखान्यात सुधारत नाही.

काळी ज्वारी आणि सत्तावीस गावे

खरिपाच्या ज्वारीचेच पाहा. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि मग हायब्रीड घरोघर पोचली. उतारा वाढला. पण लवकर येणाऱ्या या ज्वारीचे कणीस भरते नेमके परतीच्या पावसात. दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. रब्बीची मालदांडी पाऊस सरल्यावर पिकते म्हणून मोत्यासारखी राहते. यात शेतकऱ्याच्या आळसाचा काही संबंध नाही. हा महिन्याचा आणि पावसाचा खेळ आहे.

आता शास्त्र काय सांगते? दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, त्या बुडाशी एक काळा ठिपका येतो. तो दिसला की दाणा भरून पुरा झाला. त्यानंतर कणीस ताटावर ठेवून दाण्याचे वजन वाढत नाही. पाऊस असला तर वाढते ती बुरशी. म्हणून ठिपका धरताच कणसे कापावीत, आडोशाला हवेवर पातळ पसरून वाळवावीत आणि साठवायचा दाणा १२ टक्क्यांच्या खाली ओल आल्याशिवाय कणगीत टाकू नये. एवढी ही गोष्ट. पानभर कागदावर मावेल अशी. आपल्यापैकी किती जणांच्या हातात असा कागद कधी पडला?

हा प्रश्न नुसत्या भावाचा असता तरी मोठा होता. पण तो जिवाशीही येतो. १९९५ साली कर्नाटक आणि आंध्रच्या पठारी भागात कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेली, बुरशी धरलेली ज्वारी आणि मका लोकांनी दळून खाल्ला. २७ गावांत लोकांना पोटात कळा, गुरगुर आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दाण्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीचे विष सापडले. तो दाणा खाणे थांबवल्यावर लोक बरे झाले.

हा शोध इंग्रजी नियतकालिकात छापून आला. जगभरच्या तज्ज्ञांनी तो वाचला. पण ज्यांच्या घरात काळी ज्वारी असते, त्यांच्यापर्यंत तो कुणी आणला? आपल्याकडची रीत काय आहे, ते आपण जाणतो. पांढरा दाणा बाजारात जातो, डागलेला घरी राहतो. "विकत नाही ना, मग आपणच खाऊ." सालगड्याला, मजुराला मोबदल्यात जातो तोही बहुधा तसलाच. ज्या दाण्याला बाजार नाकारतो, तो सगळ्यात गरिबाच्या ताटात जातो. कोणती डागलेली ज्वारी निवडून, पाखडून, वरचे साल काढून चालेल आणि कोणती कोंबडीलाही घालू नये, हे सांगणारा माणूस गावात हवा. अन्नशास्त्राच्या प्रसाराची याहून मोठी गरज आम्हाला तरी दिसत नाही.

पिठाची विरी

दुसरी गोष्ट मायबहिणींच्या अनुभवाची. ज्वारीचे पीठ दहा-पंधरा दिवस राहिले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना फाटते, चव कडवट लागते. म्हणून आपल्या बाया आठवड्यापुरतेच दळून आणतात आणि जुने पीठ असले तर आधणाच्या पाण्यात मळतात. शास्त्रज्ञ सांगतात की ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही, उकळत्या पाण्याने पिठातले पिष्ट फुगते आणि तेच भाकरीला धरून ठेवते. कडवटपणा येतो तो दाण्याच्या कोंबात तेल असते म्हणून. दळल्यावर ते पिठात मिसळते आणि खवट होते. दाण्याला किंवा पिठाला आधी योग्य ती उष्णता दिली तर पीठ बरेच जास्त दिवस टिकते.

म्हणजे आपल्या आज्यांना पद्धत ठाऊक होती आणि शास्त्रज्ञाला कारण ठाऊक आहे. दोघांची भेट झाली तर गावातल्या बचत गटाचे पीठ महिनाभर टिकेल आणि शहरात विकले जाईल. भेट झाली नाही तर ते ज्ञान मोठ्या कंपनीकडे जाते आणि आपल्याच ज्वारीचे पीठ रंगीत पिशवीत घालून विकले जाते.

२०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असे नाव दिले. परिषदा झाल्या, मेजवान्या झाल्या, ज्वारीची बिस्किटे आली. पुड्यावर 'ज्वारी' हे नाव मोठ्या अक्षरात, आत ज्वारी किती टक्के ते बारीक अक्षरात. २०२३-२४ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला ३१८० रुपये, म्हणजे किलोला ३२ रुपयेसुद्धा नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावरचा भाव किलोत करून पाहा आणि शेजारी हा आकडा मांडा. नाव थोर झाले, पण दाणा पिकवणाऱ्याचा हिशेब तिथेच राहिला.

सरकी कुणाची?

तिसरी गोष्ट कापसाची. कापूस म्हणजे कपडा, एवढेच आपण धरून चालतो. पण एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६० किलोच्या वर सरकी. वजनाने पाहिले तर कापूस हे आधी तेलबियांचे पीक आहे. जुन्या पद्धतीने टरफलासकट सरकी गाळली तर शंभर किलोला ११-१२ किलो तेल हाती लागते. लिंटर आणि टरफल काढून, शास्त्रशुद्ध रीतीने तेल काढले तर ते १८ किलोपर्यंत जाते. बाकीचे तेल ढेपेत राहते.

सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळसर द्रव्य असते. किडीपासून बचाव करायला झाड ते तयार करते. शुद्ध केलेल्या तेलातून ते निघून जाते. रवंथ करणारी मोठी जनावरे ते सहन करतात. पण कोंबड्यांना, लहान वासरांना आणि माणसाला ते बाधते. म्हणून सरकीतली एवढी प्रथिने बहुतेक गुरांच्या गव्हाणीतच जातात. अमेरिकेत टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात डॉ. कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. झाडाच्या पानात गॉसिपॉल राहील, म्हणजे किडीपासून रक्षण होईल, पण सरकीत ते नाममात्र उरेल, असा कापूस. २००६ साली हे काम प्रसिद्ध झाले. २०१८ साली तिथल्या कृषी खात्याने त्याच्या लागवडीला आणि २०१९ साली अन्न व औषध प्रशासनाने तो खाण्यात वापरायला मोकळीक दिली.

उद्या असा कापूस इकडे आला किंवा न आला, तो निराळा विषय. प्रश्न हा की सरकीत तेल किती, प्रथिने किती, हे कापूस विकणाऱ्याला माहीत असते का? दूध डेअरीत नेले की यंत्रावर फॅट लागते, आकडा आपल्यासमोर पडतो आणि आकड्याप्रमाणे पैसे होतात. आपल्या बाया तो आकडा वाचायला शिकल्या आणि डेअरीवाल्याशी भांडायलाही शिकल्या. कापसाला आपल्यासमोर लागते ते फक्त ओल मोजायचे यंत्र. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलीवर पुरा भाव, त्यावर कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. म्हणजे भाव कापायचे माप आहे. भाव वाढवायचे माप, सरकीतल्या तेलाचे, ते मात्र बाजारात कुठेच दिसत नाही. माप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात.

"प्रक्रिया करा" हा उपदेश नको

इथे एक खुलासा केला पाहिजे. शहरातून पाहुणे येतात आणि सांगतात, "शेतकऱ्यांनो, कच्चा माल विकू नका. प्रक्रिया करा, श्रीमंत व्हा." टाळ्या होतात, पाहुणे जातात. भांडवल कुठून आणायचे, वीज कधी येणार, माल नेऊन विकायचा कुणाला, यावर ते बोलत नाहीत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकरी आणि शेतातले पीक कायद्याच्या बाहेर ठेवले आहे. पण ज्वारी दळून पीठ पिशवीत घातले की नोंदणी, लेबल, तपासणी सगळे आले. ते असायलाही हवे, खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तो कायदा मराठीत, बचत गटाच्या बाईला कळेल अशा भाषेत समजावून द्यायला कुणीतरी बसले पाहिजे. नाहीतर पीठ दळणारी बाई भीतीनेच धंदा सोडते.

शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र आले तर काय होते, याचे उदाहरण देशात आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार सांगत. आणंदच्या शेतकऱ्यांच्या संघात एच. एम. दलाया या अभियंत्याने ती करून दाखवली. १९५५ साली तिथला कारखाना सुरू झाला. पुढे म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचे अन्न बनवायची रीत म्हैसूरच्या संस्थेने काढली आणि अमूलने ती बाजारात नेली. शास्त्र म्हैसूरचे, पण कारखाना दूध घालणाऱ्यांच्या मालकीचा. म्हणून शास्त्राचा फायदा गोठ्यापर्यंत परत आला. कारखाना तिऱ्हाइताचा असता तर शोध तोच राहिला असता आणि म्हैसवाल्याला त्याचे नावही कळले नसते.

आपल्याकडचे उदाहरण लहान आहे, पण आपले आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केली. तूर कच्ची विकायच्या ऐवजी गावातच डाळ करता येते, हे तिने दाखवले. कित्येक गावांत बचत गटांनी ती चालवली. मराठीत शिकवले, हाताने चालवून दाखवले, बिघडली तर दुरुस्तीला माणूस दिला की शास्त्र गावात रुजते.

आणि ज्ञान आपल्यापासून लांबही नाही. परभणीला अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे. नागपुरात डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रशाळा १९४२ पासून आहे, तिथे तेलाचे शास्त्र शिकवतात. सरकीच्या देशात तेलाची शाळा! तिथून शिकलेली मुले मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. त्यातली बरीच आपल्याच गावची, आपल्याच घरातली आहेत. दिवाळीला घरी येतात तेव्हा आपण त्यांना पगार विचारतो. आपल्या ज्वारीत काय आहे, ते विचारत नाही.

चूक आपलीही आहे

म्हणून सगळा दोष शास्त्रज्ञांच्या संघटनेवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. आपण भावासाठी रस्त्यावर बसलो, तुरुंगात गेलो, आणि ते योग्यच होते. पण मालाच्या आतल्या गोष्टी आपण खरेदीदारावर सोडून दिल्या. "आम्ही पिकवतो, पुढचे तुम्ही बघा" असे आपणच म्हणालो. पुढचे त्यांनी बघितले आणि पुढचे पैसेही त्यांनीच घेतले. शास्त्रज्ञांना आपण कधी हाक मारली नाही. हाक न मारता पाहुणा आला नाही म्हणून रुसायचे, हे बरे नव्हे.

तेव्हा येत्या जिल्हा बैठकीत पुढील गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली: अन्नशास्त्रज्ञांच्या संघटनेला आणि आपल्या विभागातल्या अन्नतंत्र महाविद्यालयांना बैठकीतर्फे पत्र जावे. पत्रात मागणे नसावे, आमंत्रण असावे. "तुमचे एक चर्चासत्र आमच्या बाजार समितीच्या आवारात, बाजाराच्या दिवशी भरवा. मराठीत बोला. आमच्या पोत्यातला दाणा हातात घेऊन बोला."

दुसरी: काळी ज्वारी, पिठाचे टिकणे, सरकीतले तेल आणि ढेप यांवर एकेक पानाचा मराठी कागद तयार व्हावा. मजकूर शास्त्रज्ञांनी तपासावा, भाषा आपण तपासावी, छपाई आपण करू.

तिसरी: प्रत्येक तालुक्यात धान्याची ओल मोजायचे एक यंत्र शेतकऱ्यांच्या हातात असावे. वर्गणीतून घेता येईल. बाजारात जायच्या आधी गावातच माप व्हावे. मग "ओल आहे" म्हणणाऱ्याला "किती?" असे विचारता येईल.

चौथी: डागलेल्या ज्वारीचा नमुना तपासून द्यायची सोय विद्यापीठाने हंगामात जिल्ह्याच्या ठिकाणी करावी. आधी घरात खायच्या दाण्याचा, मग विकायच्या.

पाचवी: अन्नतंत्राचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी शिक्षणातला एक महिना कारखान्याच्या ऐवजी गावात, मळणीच्या वेळी काढावा. ती आपल्या घरी राहतील, भाकरी आपण घालू.

हे मागताना आपण भीक मागत नाही. शास्त्रज्ञांचा पगार, त्यांच्या प्रयोगशाळा, त्यांची विद्यापीठे देशाच्या पैशावर उभी आहेत आणि त्या पैशात आपल्या घामाचा वाटा आहे. शिवाय त्यांचा अभ्यास ज्या वस्तूवर चालतो, ती वस्तू आपण पिकवतो. दाणा नसेल तर दाण्याचे शास्त्र कशाचे?

ज्ञान मिळाले म्हणून उद्या भाव दुप्पट होणार नाही. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती लढावी लागेलच. पण पोते फुटेल, खरेदीदार दाणा दाताखाली धरेल आणि म्हणेल, "ओल आहे," तेव्हा समोरचा शेतकरी खिशातून चिठ्ठी काढून सांगेल, "अकरा टक्के. मोजून आणली आहे. आता भाव बोला." आणि घरी ज्या पोत्यातली भाकरी पोरे खातात, त्या पोत्यात विष नाही, हे त्याच्या बायकोला ठाऊक असेल. एवढे झाले तरी आम्ही म्हणू, अन्नशास्त्र खळ्यावर आले.